पेढीवरची विद्या विद्यापीठात नेणारा उद्योजक

बारावीचा निकाल लागला की बीबीए, बीएमएस यांसारख्या पदव्यांच्या प्रवेशासाठी धावपळ सुरू होते. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांपुढे पुढील तीन-चार वर्षांत हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, वित्त, करव्यवस्था, संख्याशास्त्र, कामगार संबंध आणि व्यवसायातील नीतिमूल्ये असे वरकरणी एकमेकांशी फारसा संबंध नसलेले विषय येतात. एकाच पदवीत हे सारे का शिकावे लागते, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर शोधू लागल्यास वाट १८८१ सालच्या फिलाडेल्फिया शहरात आणि जोसेफ व्हार्टन या उद्योजकाच्या आयुष्यात जाऊन पोहोचते. विशेष म्हणजे, ज्यांच्या देणगीतून व्यवसाय शिक्षणाला विद्यापीठाचे दार उघडले, ते व्हार्टन स्वतः कधीही महाविद्यालयात शिकलेले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील महाविद्यालये प्रामुख्याने धर्मोपदेशक, वकील, वैद्य आणि शिक्षक घडवीत. ग्रीक, लॅटिन, गणित आणि तत्त्वज्ञान हा तेथील अभ्यासाचा कणा होता. व्यापार ही शिकवण्याची नव्हे, तर दुकानात किंवा पेढीवर उमेदवारी करून अंगवळणी पाडण्याची गोष्ट समजली जात असे. शहरांतून खासगी व्यापारी शिकवण्या चालत. परंतु तेथे जमाखर्च लिहिणे, सुवाच्य अक्षर आणि व्यापारी अंकगणित यापलीकडे फारसे काही नसे. कारकून तयार करण्यास ते पुरेसे होते. कारखाना, बँक किंवा रेल्वे कंपनी चालवणारा माणूस कसा तयार व्हावा, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

महाविद्यालयाविना शिक्षण

जोसेफ व्हार्टन यांचा जन्म ३ मार्च १८२६ रोजी फिलाडेल्फियातील एका सधन क्वेकर कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते पाचवे. साधी राहणी, सचोटी, कष्ट आणि युद्धाला विरोध ही या पंथाची शिकवण. आई डेबोरा या क्वेकरांच्या सभांतून उपदेश करीत. घरात पुस्तके होती, विद्येविषयी आदर होता. पण सोळाव्या वर्षी जोसेफ यांना महाविद्यालयाऐवजी चेस्टर परगण्यातील एका शेतावर कामासाठी पाठवण्यात आले. शेतीची कामे आटोपल्यावर हिवाळ्यात ते फिलाडेल्फियाला परतत आणि तेथील एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकत. फ्रेंच आणि जर्मन या भाषाही त्यांनी याच वयात आत्मसात केल्या. पुढे युरोपातील कारखान्यांचे तंत्र समजून घेताना या भाषांचा त्यांना मोठा उपयोग झाला.

एकोणिसाव्या वर्षी ते एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथे दोन वर्षे त्यांनी हिशेब ठेवण्याचे काम केले. रोजकीर्द, खतावणी, येणे-देणे यांचा मेळ घालताना व्यवसायाची प्रकृती आकड्यांतून कशी वाचावी, याचे शिक्षण त्यांना मिळाले. १८४७ मध्ये थोरल्या भावासोबत त्यांनी शिशापासून सफेदा हा पांढरा रंग बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्यानंतर यंत्राने विटा पाडण्याचा धंदाही करून पाहिला. तो टिकला नाही. भांडवल अडकून पडणे, वसुली रखडणे, मागणीचा अंदाज चुकणे हे सारे त्यांनी तरुणपणीच अनुभवले. पुढे विद्यापीठापुढे त्यांनी जो आराखडा ठेवला, त्यातील अनेक विषयांची मुळे याच काळात आहेत.

जस्त, निकेल आणि जमाखर्च

१८५३ मध्ये व्हार्टन पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथील जस्ताच्या कारखान्याशी जोडले गेले आणि लवकरच त्याचे व्यवस्थापक झाले. प्रारंभी तेथे रंगासाठी लागणारे जस्ताचे पांढरे भस्म तयार होई. शिशाच्या विषारी सफेद्याला तो चांगला पर्याय होता. १८५७ च्या आर्थिक अरिष्टात अमेरिकेतील अनेक बँकांनी व्यवहार थांबवले, कारखाने बंद पडले. अशा दिवसांत कारखाना तगवून ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

भस्मावर समाधान न मानता व्हार्टन यांनी धातुरूप जस्ताकडे लक्ष वळवले. हे काम अवघड होते. भट्टीच्या तापमानाला जस्त वितळून न थांबता त्याची वाफ होते आणि हवेचा संपर्क येताच तिचे पुन्हा भस्म बनते. त्यामुळे बंद पात्रांत धातुक तापवून ती वाफ हवेपासून वाचवीत थंड करावी लागते. बेल्जियममधील कारखान्यांना ही विद्या अवगत होती. व्हार्टन यांनी त्याच पद्धतीच्या भट्ट्या बेथलेहेममध्ये उभारल्या आणि १८५९ च्या सुमारास अमेरिकेत धातुरूप जस्ताचे व्यापारी उत्पादन यशस्वी करून दाखवले.

१८६३ मध्ये जस्ताचा व्यवसाय सोडून ते निकेलकडे वळले. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातील खाण आणि न्यू जर्सीतील कॅम्डेन येथील शुद्धीकरणाचा कारखाना त्यांनी हाती घेतला. काही वर्षांतच अमेरिकेतील निकेल उत्पादन म्हणजे व्हार्टन, असे समीकरण झाले. १८६५ मध्ये तीन सेंटचे आणि १८६६ मध्ये पाच सेंटचे नाणे तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे करण्याचा कायदा झाला. त्यात निकेलचे प्रमाण चतुर्थांश होते. अशा नाण्यांसाठी व्हार्टन यांनी जोरदार पाठपुरावा केला होता आणि त्यांचा लाभही त्यांना झाला. शुद्ध निकेल ठोकून त्याला हवा तो आकार देता येईल, अशी प्रक्रिया त्यांनी विकसित केली. तिचे नमुने १८७६ च्या फिलाडेल्फिया व १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत मांडले गेले.

राजकारणातही त्यांचा वावर होता. ब्रिटनमधून येणाऱ्या स्वस्त मालापुढे अमेरिकेतील नवे उद्योग टिकायचे, तर आयातीवर संरक्षक जकात हवीच, असे त्यांचे ठाम मत होते. त्यासाठी उद्योजकांची संघटना बांधणे, वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींची मने वळवणे, पत्रके लिहिणे हे काम त्यांनी अनेक वर्षे केले. त्या मतामागे देशहिताचा विचार होता, तसाच स्वतःच्या जस्ताचा आणि निकेलचाही होता. हे दोन्ही त्यांच्या मनात इतके एकरूप झालेले होते, की त्यात फरक करण्याची गरज त्यांना कधी भासली असे दिसत नाही.

एक लाख डॉलर आणि एक आराखडा

शिक्षणाच्या क्षेत्रात व्हार्टन यांचा प्रवेश १८८१ पूर्वीच झाला होता. क्वेकरांनी १८६४ मध्ये स्थापन केलेल्या स्वार्थमोर महाविद्यालयाच्या उभारणीत आईसोबत त्यांचाही वाटा होता. मुले आणि मुली यांना एकत्र शिक्षण देणारी ती संस्था होती. तिच्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी पुढे दीर्घकाळ सांभाळले.

१८७० चे दशक अमेरिकेसाठी खळबळीचे ठरले. १८७३ मध्ये मोठी मंदी आली. १८७७ मध्ये रेल्वे कामगारांच्या संपाने पेनसिल्व्हेनियासह अनेक राज्ये हादरली, गोळीबार झाले, जाळपोळ झाली. कंपन्यांचा आकार मालकाच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे वाढला होता. शेकडो मैल पसरलेली रेल्वे किंवा हजारो कामगारांचा कारखाना चालवण्यासाठी पेढीवरची उमेदवारी अपुरी पडत होती. शिवाय मोठ्या उद्योगांमुळे उमेदवारीची जुनी पद्धतच मोडीत निघत होती. सधन घरांतील मुलांच्या हाती आयती संपत्ती येत होती, पण ती सांभाळण्याची आणि समाजाच्या उपयोगी लावण्याची विद्या त्यांना कोणी देत नव्हते. व्हार्टन यांना हीच उणीव खुपत होती.

मार्च १८८१ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विश्वस्तांपुढे एक लाख डॉलरच्या देणगीचा प्रस्ताव ठेवला. त्यासोबत वित्त आणि अर्थव्यवहार यांच्या नव्या शाळेचा तपशीलवार आराखडाही होता. देणगीदार रक्कम देतो आणि अभ्यासक्रम प्राध्यापकांवर सोडतो, ही रूढ रीत त्यांनी पाळली नाही. कोणते विषय असावेत, प्रत्येक विषयात काय शिकवावे, किती शिक्षक असावेत, हे त्यांनी स्वतः लिहून दिले.

त्या आराखड्यात पहिला मान हिशेबाला होता. व्यापाऱ्याचे, बँकेचे आणि सार्वजनिक संस्थांचे हिशेब कसे ठेवावेत व तपासावेत, हे विद्यार्थ्याला यावे, अशी अपेक्षा होती. त्यानंतर पैसा आणि चलन यांचा विषय. बँका का बुडतात, मंदी का येते, कर्ज केव्हा घातक ठरते, हे त्यात येणार होते. तिसरा विषय करव्यवस्थेचा. चौथा उद्योग, व्यापार आणि वाहतुकीचा. त्यात मोठ्या संख्येने कामगार एकत्र आणून काम कसे चालवावे, त्यांच्यात शिस्त कशी राखावी, उत्पन्नाची भांडवलदार, व्यवस्थापक आणि कामगार यांच्यात रास्त वाटणी कशी व्हावी, संप का होतात आणि ते कसे टाळावेत, असे प्रश्न होते. पाचवा विषय व्यापारी कायद्याचा. आजच्या पदवीचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिल्यास नावे बदललेली, नवी भर पडलेली दिसेल. पण सांगाडा ओळखीचा वाटेल.

या सर्वांच्या मुळाशी एक नैतिक भूमिका होती. दुसऱ्याचे नुकसान करून मिळवलेला पैसा आणि समाजाची काही सेवा करून कमावलेला पैसा यांत भेद आहे, ही जाणीव विद्यार्थ्याच्या मनावर बिंबली पाहिजे, असा व्हार्टन यांचा आग्रह होता. अफरातफर करणारे, विश्वासघात करणारे, सार्वजनिक निधी लुबाडणारे यांना कायद्याने शिक्षा व्हावीच, शिवाय समाजानेही त्यांना दूर ठेवावे, ही शिकवण त्यांनी आराखड्यातच समाविष्ट केली. व्यवसायातील नीतिमूल्ये हा अभ्यासक्रमाच्या शेवटी जोडलेला उपचार न राहता त्याचा पाया असावा, हा विचार तेथे होता.

देणगीची अट

याच आराखड्यात आणखी एक अट होती आणि ती वादग्रस्त ठरण्यासारखी होती. संरक्षक जकातीचे तत्त्व शाळेत ठामपणे शिकवले जावे, त्याविषयी गुळमुळीत किंवा केवळ बचावाचा सूर चालणार नाही, असे व्हार्टन यांनी बजावले होते. त्या काळातील अर्थशास्त्राच्या अनेक प्राध्यापकांचा कल मुक्त व्यापाराकडे होता. विद्यापीठात तरुणांना मुक्त व्यापाराची दीक्षा मिळते आणि ती देशी उद्योगाच्या मुळावर येते, असे व्हार्टन यांना वाटे. देणगीच्या बळावर ते हे पारडे फिरवू पाहत होते.

येथे त्यांच्या विचारातील विसंगती उघड होते. बँकबुडीची, मंदीची, संपाची कारणे खुल्या मनाने तपासण्यास सांगणारे व्हार्टन जकातीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधीच ठरवून देत होते. विद्यापीठाने देणगी स्वीकारली. पहिली दोन वर्षे अडखळत गेली. रॉबर्ट एलिस थॉम्पसन आणि अल्बर्ट बोल्स यांच्यावर अध्यापनाची मुख्य भिस्त होती. विद्यार्थी मोजके होते. या विषयांवर महाविद्यालयीन दर्जाची पाठ्यपुस्तकेही जवळजवळ नव्हती.

१८८४ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा तिच्यात अवघे पाच पदवीधर होते. त्यांपैकी एक शिबा शिरो हे जपानी तरुण होते. मायदेशी परतल्यावर ते राजकीय कादंबरीकार आणि लोकप्रतिनिधी म्हणून गाजले.

शाळेला खरा आकार दिला तो १८८३ मध्ये आलेल्या एडमंड जेम्स यांनी. जर्मनीतील हाले विद्यापीठात शिकलेल्या जेम्स यांना व्यवसायाचे शिक्षण समाजशास्त्रांच्या भक्कम पायावर उभे करायचे होते. त्यांनी राज्यशास्त्र, इतिहास आणि संख्याशास्त्र यांना अभ्यासक्रमात मोठे स्थान दिले. विद्यार्थ्यांनी फिलाडेल्फिया शहराच्या कारभाराचा प्रत्यक्ष अभ्यास केला आणि १८९३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. अमेरिकेतील बँकर्सच्या संघटनेसाठी जेम्स यांनी युरोपातील व्यापारी शिक्षणाची पाहणी केली. साधारण शिक्षणाला जोडलेला हा अभ्यासक्रम पुढे पूर्ण चार वर्षांचा झाला. १८९६-९७ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी याच विद्यापीठाच्या नियुक्तीवर फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचे घरोघरी जाऊन सर्वेक्षण केले. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ समाजशास्त्रात मैलाचा दगड मानला जातो. त्या कामाची सूत्रे व्हार्टन शाळेतील समाजशास्त्राच्या विभागातून हलली होती.

जकातीचा आग्रह मात्र हळूहळू मागे पडला. १८८८ मध्ये आलेले सायमन पॅटन संरक्षणवादाचे समर्थक होते खरे, पण त्यांची मांडणी स्वतंत्र होती आणि विद्यार्थ्यांनी प्रस्थापित मते तपासून पाहावीत, अशी त्यांची शिकवण होती. संस्थापकाने घालून दिलेली विषयांची चौकट टिकली. त्याने ठरवून दिलेले उत्तर टिकले नाही.

पोलाद कारखान्यातील प्रयोग

व्हार्टन यांचा औद्योगिक पसारा या काळात वाढतच होता. बेथलेहेम आयर्न कंपनीचे ते सर्वांत मोठे भागधारक बनले. १८८७ मध्ये अमेरिकी नौदलाने या कंपनीला तोफा आणि युद्धनौकांसाठी पोलादी भाग पुरवण्याचे मोठे कंत्राट दिले. युद्धाला विरोध करणाऱ्या पंथात जन्मलेल्या माणसाच्या संपत्तीत आता चिलखती पोलादाची भर पडू लागली.

१८९८ मध्ये कारखान्यातील कामाची गती वाढवण्यासाठी फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अभियंत्याला बेथलेहेम येथे पाचारण करण्यात आले. टेलर यांनी तेथे कामाच्या वेळेची मोजमापे घेतली, फावड्याच्या आकारापासून विश्रांतीच्या कालावधीपर्यंत सारे तपासले. कच्च्या लोखंडाचे सुमारे ९२ पौंडांचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाकाठी साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन माल हलवू शकतो, असा दावा त्यांनी केला. या प्रयोगाच्या वर्णनावर नंतरच्या अभ्यासकांनी अनेक आक्षेप घेतले. तरीही व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात तो हटकून आढळतो. १९०१ मध्ये टेलर यांना तेथून जावे लागले आणि त्याच वर्षी कंपनी चार्ल्स श्वाब यांच्या ताब्यात गेली. एकीकडे वर्गातील व्यवस्थापनाचे शिक्षण आणि दुसरीकडे कारखान्यातील शास्त्रीय व्यवस्थापनाचा सर्वांत गाजलेला प्रयोग, या दोन्हींच्या मागे व्हार्टन यांचे भांडवल उभे होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

त्यांची जिज्ञासा अखेरपर्यंत जागी राहिली. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्यानंतर कित्येक महिने जगभर सूर्यास्ताच्या वेळी आकाश विलक्षण लाल दिसू लागले. पुढच्या हिवाळ्यात व्हार्टन यांनी फिलाडेल्फियाजवळ पडलेला बर्फ वितळवून त्यातील गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि तो ज्वालामुखीच्या राखेशी ताडून पाहिला. न्यू जर्सीतील पाइन बॅरन्स या वालुकामय वनप्रदेशात त्यांनी सुमारे ९६ हजार एकर जमीन खरेदी केली. तेथील स्वच्छ पाणी फिलाडेल्फियाला पुरवण्याची त्यांची योजना होती. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने राज्याबाहेर पाणी नेण्यास बंदी घातली आणि योजना बारगळली. १९५० च्या दशकात राज्य सरकारने ही जमीन विकत घेतली. आज ते व्हार्टन यांच्याच नावाचे राखीव वन आहे.

शाळेनंतरची शाळा

११ जानेवारी १९०९ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी जोसेफ व्हार्टन यांचे निधन झाले. त्याआधी शिकागो आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांनी १८९८ मध्ये अशाच शाळा सुरू केल्या होत्या आणि १९०८ मध्ये हार्वर्डची व्यवसाय शाळा उघडली होती. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि भारतातही वाणिज्य शिक्षणाला महाविद्यालयीन प्रतिष्ठा लाभली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन केले.

व्हार्टन यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९१५ मध्ये, त्यांच्या शाळेतील स्कॉट निअरिंग या तरुण अध्यापकाची नेमणूक विश्वस्तांनी पुढे चालू ठेवली नाही. बालमजुरीविरुद्ध ते जाहीरपणे बोलत आणि ती भूमिका प्रतिष्ठित उद्योजकांना रुचणारी नव्हती. या घटनेने देशभर वादळ उठले आणि अध्यापन स्वातंत्र्याच्या इतिहासात ती नोंदली गेली. व्यवसाय शिक्षणासाठी पैसा पुरवणाऱ्याने वर्गात काय शिकवले जावे हे ठरवावे काय, हा प्रश्न १८८१ च्या जकातीच्या अटीतच दडलेला होता. तो आज उद्योगांच्या देणग्यांवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संस्थेसमोर आहे.

आज व्यवस्थापनाच्या पदवीकडे पाहताना नोकरी आणि पगार यांचीच चर्चा अधिक होते. हिशेब, वित्त आणि विपणनाची तंत्रे विद्यार्थी चोख शिकतात. परंतु ज्या आराखड्यातून या पदवीची परंपरा सुरू झाली, त्यात ताळेबंदाइतकेच महत्त्व उत्पन्नाच्या रास्त वाटणीला, कररचनेच्या समजुतीला आणि विश्वासघाताच्या तिरस्काराला होते. व्हार्टन स्वतः त्या कसोटीवर सर्वत्र उतरले असे म्हणता येणार नाही. स्वतःच्या लाभाचे मत त्यांनी सत्य म्हणून शिकवू पाहिले. तरीही व्यवसाय ही केवळ पैसा मिळवण्याची क्लृप्ती नसून समाजाप्रती उत्तरदायी असलेली विद्या आहे, हा त्यांचा मूळ विचार त्यांच्या मर्यादांहून मोठा ठरला. बीबीएच्या विद्यार्थ्याला नीतिमूल्यांचा तास वेळापत्रकातील मोकळ्या तासासारखा वाटत असेल, तर त्या पदवीची सुरुवात कोठून झाली, हे त्याला एकदा सांगायला हवे.